बुरख्यातल्या माणसाचं नाव

एर्सिलिया एका जागी टिकलेली मी पाहिलेली नाही. चर्चमध्ये प्रवचन चालू असतं, बायका डुलक्या काढत असतात आणि ही मागच्या खांबापाशी उभी. मधेच पुढे जाते, वेदीवरच्या फुलांचं पाणी बदलते, पुन्हा खांबापाशी येते. फादर फाउस्तो आता प्रवचन न थांबवता तिला वाट देतात.

माझं किराण्याचं दुकान तिच्या दारासमोर आहे. मधली गल्ली इतकी अरुंद, की ती स्वयंपाकघरात शिंकली तर मी दुकानातून 'जप गं' म्हणते. तिच्या घरात काय शिजतंय, काय करपतंय, कोण कुणावर चिडलंय, हे मला न विचारता कळतं. ती दिवसातून दहा वेळा पायऱ्या झाडते. मीठ न्यायला येते, मीठ विसरून जाते, परत येते आणि व्हिनेगर घेऊन जाते. नवीन लोक म्हणतात, डोंगरावरच्या वाऱ्याने माणूस असं होतं. वाऱ्याला काय, सगळ्यांचं खापर त्याच्यावर फोडता येतं.

मी मूळची खालच्या गावची, डोंगराच्या पायथ्याची. या आमच्या रोक्कास्पिनाच्या तटावरून माझ्या माहेरचं छप्पर दिसतं. तरी मी इथे 'बाहेरची'. इथे नवऱ्याला पुरलं, इथे माझे दात पडले, पण बाहेरची ती बाहेरचीच. याचा एक फायदा असतो. गावाला जे दिसत नाही असं ठरलेलं असतं, ते बाहेरच्या माणसाला जरा जास्तच दिसतं.

एर्सिलिया पूर्वी अशी नव्हती, हे मात्र मला सांगितलं पाहिजे. मिरेल्ला होती तोवर ती चांगली गप्पिष्ट बाई होती. मिरेल्ला म्हणजे तिची एकुलती मुलगी. ऑलिव्ह काढायच्या दिवसांत तिच्या बापाने, सेत्तिमियोने, तिला ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसवून शेतावर नेलं. आमच्याकडे सगळीच पोरं तशी बसायची. चिखलात चाक घसरलं, ट्रॅक्टर उतारावर आडवा झाला. सेत्तिमियोचा डावा पाय मोडला. मिरेल्ला गेली. त्या दिवसानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. भांडणात नाही, रडताना नाही, चुकूनही नाही. समोर राहून मी हे खात्रीने सांगते.

आणि पुढच्याच गुड फ्रायडेला क्रूस वाहणाऱ्या माणसाचा डावा पाय बाहेर फाकलेला दिसला.

आमच्या गावात गुड फ्रायडेच्या संध्याकाळी एक माणूस पांढरा झगा घालून, डोळ्यांपुरती दोन भोकं असलेला बुरखा घालून, अनवाणी, पायात साखळ्या ओढत, लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन खालच्या वेशीपासून वरच्या चर्चपर्यंत चढतो. वाटेत तीन ठरलेल्या जागी पडतो. हा माणूस कोण, ते फक्त फादरना माहीत असतं. तो आपलं काही पाप, काही दुःख, काही नवस घेऊन आलेला असतो आणि ते कुणाला कळलं तर सगळं फुकट जातं, अशी समजूत आहे. मिरवणुकीआधी चारचौघांत कुणी त्याचं नाव घेतलं, तर त्याने बाजूला व्हायचं. एकदा न्हाव्याच्या दुकानात एका मुलाची होणारी बायको कौतुकाने बोलून गेली होती. त्या वर्षी क्रूस दुसऱ्याने नेला आणि लग्नही मोडलं.

आता गाव एवढंसं. माणूस चेहरा झाकेल, चाल कुठे झाकेल? सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण माहीत नसल्यासारखं वागण्यात रोक्कास्पिनाचा हात कुणी धरणार नाही. दरवर्षी गुड फ्रायडेला सेत्तिमियोचं डोकं दुखतं आणि एर्सिलिया एकटीच मेणबत्ती घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. बायका विचारतात, "सेत्तिमियो नाही का आला?" ती म्हणते, "डोकं दुखतंय, झोपलाय." बायका म्हणतात, "अरेरे." आणि समोरून तो चाललेला असतो.

घरातही तसंच. गुड फ्रायडेच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झाला की सेत्तिमियो तळघरात अनवाणी फिरायला लागतो, तळपाय घट्ट व्हावेत म्हणून. वर एर्सिलियाला पावलं ऐकू येतात. ती रेडिओ मोठा करते. शनिवारी सकाळी त्याचे पाय सोललेले असतात, तेव्हा टेबलावर मलमाची डबी असते. 'गाढवाच्या खुरांसाठी आणली,' असं ती पहिल्या वर्षी म्हणाली होती. त्यांच्याकडे गाढव कधीच नव्हतं. त्याने डबी घेतली आणि गाढवाला लावून येतो म्हणाला.

हे असंच चाललं असतं. पण या हिवाळ्यात सेत्तिमियो चर्चच्या चढावर मधेच खाली बसला. ओठ निळे, कपाळावर घाम. खाली दवाखान्यात नेलं. हृदय बिघडलंय, म्हणाले. तिथली डॉक्टरीण चांगली खमकी होती. तिने एर्सिलियाला समोर बसवून सांगितलं, "चढ नाही, ओझं नाही. पाण्याच्या बाटल्यांचा खोकासुद्धा उचलायचा नाही. पुढच्या वेळी तुम्ही त्यांना इथवर आणू शकणार नाही." सेत्तिमियोने शहाण्या मुलासारखी मान डोलावली. पुढे काही आठवड्यांनी राखेचा बुधवार, उपासकाळाचा पहिला दिवस, आला. त्या संध्याकाळी तळघरात पावलं वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी एर्सिलिया दुकानात आली. तिने चीजच्या कपाटाला एक फेरी मारली, पास्त्याची पाकिटं सरळ केली, जी सरळच होती.

"पाल्मिरा, समज, एक बाई आहे."

"समजले."

"तिच्या नवऱ्याचं हृदय बिघडलंय."

"बरं."

"आणि त्याला काहीतरी जड उचलून चढ चढायचाय."

"कोणती बाई गं?" मी विचारलं, कारण असं विचारायची रीत आहे.

"मला काय माहीत!" ती एकदम ओरडली. मग हळूच म्हणाली, "ती मरेल गं काळजीने."

"त्या बाईने त्याला सरळ सांगावं."

"तिला कुठे माहीत आहे काही?"

मला राग आला होता. तिचा नाही, या सगळ्या गावाचा. आणि मला हेही कळत होतं, की ती नुसत्या रिवाजापायी अडलेली नाही. क्रूसाचं बोलायचं म्हणजे तो का उचलतो ते बोलायचं. ते बोलायचं म्हणजे मिरेल्लाचं नाव घ्यायचं. इतकी वर्षं त्या दोघांनी ते दार बाहेरून लावून घेतलेलं होतं, आणि दोघंही त्याला पाठ लावून उभी होती.

मग ती फादर फाउस्तोंकडे गेली. परत आली तेव्हा माझ्याच दुकानात उभी राहून तिने दोघांचे आवाज काढून दाखवले.

"फादर, एक माणूस आहे, त्याला झेपणार नाही."

"कोणता माणूस, एर्सिलिया?"

"मला माहीत नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे, पण तुला नाही. तुला माहीत नसेल तर तू मला त्याच्याविषयी काय सांगणार?"

"फादर, तुम्ही देवाची माणसं फार हुशार असता."

"तो जो कोणी आहे, त्याला मी विचारलं. दोनदा विचारलं. म्हणाला, बरा आहे. मागणाऱ्याच्या हातातून मी क्रूस काढून घेत नाही. मला तो अधिकार नाही."

"अधिकार नाही म्हणे," एर्सिलिया म्हणाली आणि माझ्या तराजूचं पारडं एप्रनच्या टोकाने पुसायला लागली. पारडं स्वच्छ होतं. मी पुसू दिलं.

घरीही तिने आडून आडून करून पाहिलं. त्यांची खिडकी उघडी होती, मी काय कान कापून ठेवू?

"डॉक्टरीण म्हणाली, ओझं उचलायचं नाही."

"कोण उचलतंय?"

"मी आपलं म्हटलं."

"वाइनची बाटलीसुद्धा दोन हातांनी उचलतो मी हल्ली."

"यंदा शुक्रवारी माझ्याबरोबर ये ना मिरवणूक बघायला. पाल्मिरा खुर्ची देईल. बसून बघ."

चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला. "शुक्रवारी माझं डोकं दुखतं, एर्सिलिया."

"आजच कसं कळलं तुला?"

"दुखतंच," तो म्हणाला. मग भांडी धुतल्याचा आवाज यायला लागला.

पवित्र आठवड्याच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्याच आठवड्याच्या, मंगळवारी तिच्याकडे पाहुणा आला. एर्सिलिया माडीवरची खोली पाहुण्यांना भाड्याने देते. हा उत्तरेकडचा, बेर्गामोचा दातांचा डॉक्टर. ग्वाल्तिएरो नाव. निवृत्त, विधुर, गळ्यात कॅमेरा आणि जिभेवर प्रश्न. जुनी गावं बघत फिरायचं, हा त्याचा नाद. येताच माझ्याकडे पाणी घ्यायला आला आणि धापा टाकत विचारलं, "इथून सगळ्यात चांगलं दृश्य कुठून दिसतं?"

"कुठूनही दिसतं," मी म्हटलं. "फक्त माझ्या दुकानातून एर्सिलियाचं धुणं दिसतं."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या मनात आलं, की ते तोंडातून बाहेर पडायचं. वेशीवरचा दगड कधीचा, ब्रेड अळणी का, माझं वय काय, या घराला कुलूप का नाही. माझ्या दातांकडे बघून चक्क म्हणाला, "बाई, ही कवळी कुणी बसवली हो? फसवलं तुम्हाला."

एर्सिलिया दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातला झाडू थांबला. इतक्या वर्षांत तो झाडू असा मधेच थांबलेला मी पाहिला नव्हता.

"या माणसाला काही सांगायचीच गरज नाही," ती नंतर मला म्हणाली. "याला नुसतं दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?"

"मला काय माहीत," ती म्हणाली, पण या वेळी तिचे डोळे चमकत होते.

मग मला कळलं. गावातला कुणी ते नाव घेणार नाही. ती घेणार नाही. पण पाहुण्याला कुठे रीतभात ठाऊक? त्याने चारचौघांत नाव घेतलं की सेत्तिमियो सुटला, आणि दोष कुणाच्याच माथी नाही. मी तिला म्हटलं, "एर्सिलिया, तू राजकारणात जायला हवं होतंस."

बुधवारी संध्याकाळी तिने तळघराचं दार उघडं टाकलं आणि डॉक्टरसाहेबांना सांगितलं, खाली जुनी दगडी विहीर आहे, बघून या. साहेब उत्साहाने गेले. खाली सेत्तिमियो अनवाणी फिरत होता, खांद्यावर छपराचा जुना वासा. साहेब वर आले ते डोळे विस्फारून. "सिन्योरा, तुमचे यजमान खाली..."

"मला काही सांगू नका," एर्सिलिया म्हणाली. "मी बायको माणूस, मला काय कळतं? उद्या दुपारी नेल्लोच्या बारमध्ये सगळे असतात. काय विचारायचं ते तिथे विचारा. मोठ्याने विचारा, तिथल्या म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं."

गुरुवारी प्रार्थनेनंतर आमच्या घंटा बांधून ठेवतात, शनिवारपर्यंत त्या वाजत नाहीत. पण त्या दुपारी त्या अजून मोकळ्या होत्या, आणि प्रत्येक टोल्याला एर्सिलिया दचकत होती. तिने सणाचा चीजचा ब्रेड भाजायला टाकला आणि भट्टीतून काढायला विसरली. शेवटी मीच तिला म्हटलं, चल, नेल्लोला अंडी द्यायची आहेत. आम्ही दोघी बारच्या दारात पोचलो तेव्हा साहेब काउंटरला टेकून उभे होते, आणि सेत्तिमियो खिडकीशी पत्ते पिसत होता.

"सिन्योर सेत्तिमियो!" साहेब खणखणीत आवाजात म्हणाले. "उद्या बुरख्यात तुम्हीच ना? मी काल तळघरात पाहिलं तुम्हाला! वासा खांद्यावर घेऊन, अनवाणी! काय भक्ती, काय भक्ती!"

कॉफीचं यंत्र तेवढं फुसफुसत होतं. सेत्तिमियोच्या हातातले पत्ते थांबले. चेहरा पांढराफटक पडला. एर्सिलियाने माझा दंड इतका घट्ट धरला, की रात्रीपर्यंत वळ होता.

मग नेल्लो बोलला. नेल्लो बारचा मालक, धिप्पाड, मनाने लोणी. "कोण? सेत्तिमियो?" तो म्हणाला आणि काउंटरवर थाप मारून हसायला लागला. "साहेब, त्याच्या पायांना खाज आहे! बुरशी! डॉक्टरने अनवाणी फिरायला सांगितलंय!"

"आणि तो वासा?"

"वासा घुशींसाठी," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. "तळघरात घुशी आहेत. हाणायला घेतो."

"हा क्रूस उचलणार? अहो, याला बायकोची पिशवी उचलत नाही!"

"क्रूस मीच उचलतो, साहेब," दुसरा म्हणाला. "लिहून घ्या."

"खोटारडा! मी उचलतो!"

"तुम्ही दोघं सोडा, गेल्या वर्षी माझी आई होती बुरख्यात!"

सगळा बार हसत सुटला. साहेबही हसायला लागले. सगळ्यात मोठ्याने सेत्तिमियो हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कुणीतरी त्याला वाइन पाजली, कुणी पाठ थोपटली. नाव घेतलं गेलं होतं, पण गावाने ते हसण्यात पुरून टाकलं. पाहुणा काय, काहीही बोलतो. त्याचं कोण धरतंय?

त्यांनी त्याला वाचवलं होतं. त्यांना तसंच वाटत होतं, म्हणून मला त्यांना शिव्याही देता येईनात. आमच्या गावाचं प्रेम हे असं आहे. तुमचं गुपित जिवापाड सांभाळतील आणि त्यापायी तुम्हाला मरू देतील.

संध्याकाळी दातांच्या डॉक्टरने स्वतःच्या पेटीतून एक मलम काढून तिच्या हातात ठेवलं. "यजमानांच्या पायांसाठी," तो हळव्या आवाजात म्हणाला. "बुरशीवर रामबाण आहे." तिने 'आभारी आहे' म्हटलं, दार लावलं आणि मग त्या दाराआड कपाटं ओढल्याचे आवाज सुरू झाले. सगळं सामान तिने इकडचं तिकडे केलं.

शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे चणे आणि सुका मासा झाला. जेवण झाल्यावर सेत्तिमियो म्हणाला, "डोकं जड झालंय. तळघरात गार आहे, तिथे पडतो जरा."

"औषध घेतलंस?"

"घेतलं."

तो दारात घुटमळला. खिडकीचं झडप हलवून बघितलं. "याचा स्क्रू ढिला झालाय. उद्या बसवतो."

"उद्या बसव," ती म्हणाली.

तेव्हाच ती बोलली असती तर? मी इथून बघत होते. तिचं तोंड उघडलं होतं. पण तो पायऱ्या उतरून गेला, आणि ती खिडकीत उभी राहून ते झडप उघडत मिटत राहिली.

अंधार पडायच्या वेळेला मिरवणूक निघाली. घंटा बांधलेल्या, म्हणून पुढे लाकडी फळ्यांची खटखट. मग मशाली धरलेले बुरखेवाले, मागे फादर, आणि मधे तो. गल्लीच्या तोंडाशी आम्ही सगळ्या बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या. नेल्लोची बायको म्हणाली, "सेत्तिमियो नाही का आला?" एर्सिलियाने उत्तरच दिलं नाही. ती भिंतीच्या कडेने तीन पावलं पुढे जायची, तीन पावलं मागे यायची. तिच्या मेणबत्तीचं मेण तिच्या मनगटावरून ओघळत होतं.

पहिलं पडणं कारंज्यापाशी. दुसरं कमानीखाली. तिसरं आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथून शेवटचा चढ लागतो. पडला की लोक गुडघ्यांवर बसून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणतात, प्रार्थना संपली की तो उठतो. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. जितका जोरात पडेल, तितकं लोकांना भरून येतं.

तो वर आला तेव्हा साखळ्यांचा आवाज लागोपाठ येत नव्हता. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. आमच्यासमोर आला आणि कोसळला. क्रूस दगडांवर आपटला. सगळे गुडघ्यांवर बसले.

प्रार्थना सुरू झाली. संपली. तो उठला नाही.

"काय पडलाय यंदा," माझ्या मागे कुणीतरी गहिवरून म्हणालं. लोकांना वाटलं, आज तो जास्त वेळ घेतोय. त्यांनी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणखी मोठ्याने. मशालवाले हलले नाहीत. पलीकडे दातांचा डॉक्टर कॅमेरा डोळ्याला लावून रडत होता. सगळं गाव त्या मरणाऱ्या माणसाभोवती भक्तिभावाने बसलं होतं, आणि मीसुद्धा, लाज वाटते सांगायला, मीसुद्धा ओठ हलवत होते.

एकटी एर्सिलिया उभी होती.

"सेत्तिमियो!" तिने हाक मारली.

प्रार्थना तुटली. ती रस्त्यात उतरली, मशालींच्या मधून आत गेली. "सेत्तिमियो! अरे, सेत्तिमियो!"

दगडांवर काही हललं नाही. मग बुरख्याच्या आतून आवाज आला. अगदी घरातला, खालच्या मजल्यावरून येतो तसला.

"काय गं?"

मला रडू फुटलं. बुरख्यातला माणूस बोलला, असं आमच्या गावात कधी झालेलं नव्हतं.

नंतरचं थोडक्यात सांगते. रुग्णवाहिका वेशीच्या आत येत नाही, म्हणून माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसवून त्याला पोरांनी खाली उतरवलं. नेल्लो पुढे धावत होता. दातांच्या डॉक्टरने वाटभर त्याची नाडी धरून ठेवली होती, आणि त्या माणसाला मी आता काहीही बोलणार नाही. क्रूस वर कोणी नेला ते मी पाहिलं नाही. सेत्तिमियो वाचला. पुढे गावातल्या दोन-तीन घरांनी एर्सिलियाशी बोलणं टाकलं, आणि ती म्हणते, टाकू देत.

पण खुर्ची येईपर्यंत थोडा वेळ गेला. तेवढ्या वेळात मी मेणबत्ती धरून त्यांच्याजवळ होते. एर्सिलियाने त्याचा बुरखा काढला होता. सगळं गाव बघत होतं.

"वरपर्यंत जायचंय अजून," तो म्हणाला. त्याला नीट श्वास घेता येत नव्हता.

"नाही जायचं."

"मिरेल्लासाठी जायचंय."

एर्सिलियाने हातातला बुरखा खाली ठेवला. "ती काय तुझ्या एकट्याची होती?"

"मी बसवलं होतं तिला, एर्सिलिया. मी उचलून बसवलं."

"ती येत नव्हती," एर्सिलिया म्हणाली. "थंडी आहे, घरी थांबते म्हणाली होती. मीच तिला म्हटलं, जा बाबांबरोबर. मला घटकाभर स्वस्थ बसायचं होतं."

"हे तू मला कधी का नाही सांगितलंस?"

"तू तरी कुठे सांगितलंस," ती म्हणाली.